फुलांच्या व्यापारी प्रदर्शनाला पहिल्यांदा जाताना: गोव्यातल्या नव्या फुलकारांसाठी

फुलसजावटीच्या मोठ्या प्रदर्शनाहून परतलेल्या नव्या फुलकाराच्या मोबाईलमध्ये तीनचारशे फोटो असतात. महिना उलटतो, तरी त्यातले एकही काम दुकानात उतरलेले नसते. फोटोत फूल दिसते. ते कशाच्या आधाराने उभे आहे, पाणी कुठून पिते आणि किती तास टिकेल हे दिसत नाही. प्रदर्शनाचा हॉल वातानुकूलित असतो. आपले काम मात्र दमट हवेतल्या मंडपात, देवळाच्या चौकात किंवा किनाऱ्यावरच्या वाऱ्यात उभे राहायचे असते. म्हणून तिथे काय बघायचे, ते कसे टिपायचे आणि घरी आणून इथल्या फुलांत कसे बसवायचे, हे क्रमाने सांगतो.

१. प्रदर्शन निवडणे

फुलांची प्रदर्शने दोन जातींची. पहिली लोकांसाठीची पुष्पप्रदर्शने: बेंगळुरूच्या लालबागेतल्या ग्लास हाऊसमध्ये प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, वर्षातून दोनदा भरते ते, किंवा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत भरते ते. तिथे डोळा तयार होतो, पण पुरवठादार भेटत नाहीत. दुसरी व्यापारी प्रदर्शने. त्यांत रोपे-बियाणेवाले, कटफ्लॉवरचे उत्पादक, भांडी, रिबिनी, देठ खोचायचा फोम, तारा विकणारे आणि प्रात्यक्षिके करणारे डिझायनर एकाच छपराखाली असतात. ती दिल्ली, मुंबई, बेंगळुरू, पुणे अशा शहरांत भरतात. जर्मनीतल्या एसेनचे जानेवारीतले आणि नेदरलँड्समधल्या आल्समेरचे नोव्हेंबरातले प्रदर्शन जगभरच्या व्यापाऱ्यांना ओढते. पण पहिल्या दोन वर्षांत तिकडे पैसे घालू नयेत. देशातल्या एका प्रदर्शनातून निघालेल्या शंभर गोष्टी आधी पचायला हव्यात.

तारीख ठरवताना आपला हंगाम बघा. ऑक्टोबर ते मार्च लग्नांचा, त्याआधी चतुर्थी आणि दसरा. जानेवारीत जायचे असेल तर आठवड्याच्या मधले दोन दिवस काढा, शनिवार-रविवार दुकान सोडू नका. त्याचा आणखी एक फायदा: व्यापारी प्रदर्शनात मधल्या वारी गर्दी कमी, त्यामुळे स्टॉलवाला दहा मिनिटे देतो.

प्रवासाला घाऊक बाजाराची जोड द्यावी. मुंबईला जात असाल तर मडगावहून रात्रीची कोकणकन्या पकडून पहाटे दादरला उतरा आणि थेट फुलबाजारात जा. बेंगळुरूत के. आर. मार्केट, पुण्यात गुलटेकडी. प्रदर्शनात एक नंबरचा माल दिसतो. बाजारात त्याच जातीचा रोजचा माल, रोजच्या भावाने. दोन्ही एकाच दिवशी बघितले की स्टॉलवरच्या चकचकीत गुलाबाची खरी किंमत कळते.

२. तीन प्रश्न लिहून घेणे

निघण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर आपल्या दुकानाचे तीन प्रश्न लिहा. "नवीन काहीतरी बघायचे" हा प्रश्न नव्हे. प्रश्न असे हवेत:

— किनाऱ्यावरच्या कमानीत दुपारी तीनला लावलेली फुले रात्री दहापर्यंत ताठ कशी राहतील?

— चर्चमधल्या वेदीपुढची मांडणी आदल्या संध्याकाळी करून दुसऱ्या दिवशीच्या मिसापर्यंत पाणी कसे पुरेल?

— देवळाच्या महाद्वाराला फोम न वापरता भरगच्च तोरण कसे बांधायचे?

प्रश्न जितका नेमका, तितके डोळ्यांना उत्तर लवकर सापडते. शिवाय गेल्या हंगामातल्या कामांचे तीन आकडे सोबत ठेवा: सर्वाधिक मागणी आलेला रंग, एका टेबलामागे ग्राहक खर्च करतो ती रक्कम, आणि वाया गेलेल्या फुलांचे प्रमाण. वाया गेलेले फूल कोणी मोजत नाही. ते मोजायला आजपासून सुरुवात करा. पुढच्या खर्चाच्या हिशेबात लागणार आहे.

पिशवीत काय हवे: तीन मीटरची टेप, बिनरेघी वही, पेन्सिल (ओल्या हाताने पेन चालत नाही), पन्नासेक व्हिजिटिंग कार्डे, पॉवर बँक, आणि आपल्या ग्राहकांनी मागितलेल्या रंगांच्या रिबिनीचे चार-पाच तुकडे. फोनच्या पडद्यावर रंग बदलतो. रिबीन फुलाशेजारी धरली की खरा मेळ तिथल्या तिथे कळतो.

३. पहिली फेरी: फोटो न काढता

पोचल्यावर पाऊण तास फोन खिशात ठेवून संपूर्ण हॉल फिरा. नकाशावर फक्त खुणा करा: पाय आपोआप थांबले तिथे गोल, पुन्हा जायचे तिथे फुली. प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक याच वेळी टिपा आणि त्यातली दोनच निवडा. चार बघितलीत तर एकही लक्षात राहणार नाही.

गोल केलेल्या कामांत समान काय आहे ते शोधा. बहुतेकांचे पाय रंगापाशी थांबतात. पण कधी कधी लक्षात येते की आपण तीनही वेळा मोकळ्या जागेपाशी थांबलो, फुले कमी होती तिथे. ही आपली नजर. तिची नोंद करा.

४. दुसरी फेरी: एक रचना पंधरा मिनिटे

खरे शिक्षण इथे होते. गोल केलेल्यांतली पाच कामे निवडा आणि प्रत्येकी पंधरा मिनिटे द्या. बघण्याचा क्रम खालून वर असावा.

आधी भांडे आणि आधार. फूल कशात खोचले आहे? साधारण पाच पर्याय असतात: फोम, तारेच्या (चिकन) जाळीचा गुंडाळा, काटेरी बैठक (जपानी पद्धतीतले केन्झान), काठ्यांची जाळी, किंवा नुसते हातबांधणीचे देठ. बाजूने, मागून, शक्य असेल तर वाकून खालून बघा. तेही स्टॉलवाल्याला विचारून; न विचारता पाने बाजूला करू नयेत.

मग पाणी. प्रत्येक देठ पाण्यात आहे, की काही देठांना काचेच्या बारीक नळ्या लावल्या आहेत, की फुले पाण्याविना आहेत? पाण्याविना दिसलेली फुले कोणती, ते आवर्जून लिहा. आपल्याकडे अबोलीची वायी (केळीच्या दोरात सुईशिवाय गुंफलेली माळ) पाण्याविना दिवस काढते. तसा दिवस कोणती परकी फुले काढतात ते कळले पाहिजे.

मग मोजणी. देठ मोजा, अंदाज करू नका. एका बाजूचे मोजून दुप्पट केले तरी चालेल. जात, संख्या आणि देठाची लांबी असे तीन रकाने. डोळ्यांना साठ वाटणारी रचना पुष्कळदा पंचवीस-तीस देठांची निघते. बाकीचे काम पानांनी आणि मोकळ्या जागेने केलेले असते.

मग फुलांची कामे. रेषा देणारी (ग्लॅडिओलस, निशिगंध), भर देणारी (गुलाब, कार्नेशन, शेवंती), डोळा खिळवणारी (लिली, अँथुरियम, ऑर्किड) आणि फटी भरणारी (जिप्सो, लिमोनियम). ज्या रचनेत डोळा खिळवणारी फुले जास्त झाली, ती गोंधळलेली वाटते. हा नवख्यांचा सगळ्यांत सामान्य दोष, आणि महागही, कारण हीच फुले महाग असतात.

मग मापे. टेपने भांड्याची उंची, रचनेची उंची, सर्वांत रुंद जागा. पाश्चात्त्य पद्धतीत रचना भांड्याच्या साधारण दीडपट उंच ठेवतात. इकेबानाच्या, म्हणजे जपानी फुलरचनेच्या, सोगेत्सु पद्धतीत मुख्य काडी म्हणजे 'शिन' भांड्याच्या व्यास आणि उंचीच्या बेरजेच्या दीड ते दोन पट, दुसरी 'सोए' शिनच्या पाऊणपट, तिसरी 'हिकाए' सोएच्या पाऊणपट. मूळ उभ्या रचनेत त्या उभ्या रेषेपासून अनुक्रमे १५, ४५ आणि ७५ अंशांवर झुकतात. २० सेंटिमीटर व्यासाचे आणि ७ सेंटिमीटर उंचीचे ताट घेतले तर शिन सुमारे ४० ते ५४, आणि शिन ४० धरली तर सोए ३०, हिकाए साडेबावीस. तीन काड्या आणि दोन-तीन फुलांत जागा भरल्यासारखी का वाटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. कमी खर्चात मोठे दिसणारे काम शिकायचे असेल तर इकेबानाचा स्टॉल सोडू नका.

फोटो शेवटी. प्रत्येक कामाचे पाचच, ठरलेल्या क्रमाने: समोरून पूर्ण, बाजूने, मागून, सांध्याचा जवळून, आणि एक शेजारी हात किंवा टेप धरून. परवानगी घ्या आणि कोणाचे काम ते लिहून ठेवा. ग्राहकाला दाखवताना "हे आमचे काम" म्हणू नये.

५. प्रात्यक्षिक बघताना

पुढच्या रांगेत मधोमध बसण्यापेक्षा डिझायनरच्या उजव्या खांद्याच्या दिशेने बसा. हात दिसले पाहिजेत. बोलणे कमी टिपा, हाताची हालचाल जास्त.

हातबांधणीचा सर्पिल गुच्छ जवळपास प्रत्येक व्यासपीठावर दिसतो. तो बघताना पुढचे टप्पे ओळखता आले पाहिजेत. पहिले देठ डाव्या हाताच्या अंगठ्या-तर्जनीत सरळ. दुसरे त्यावर तिरके, वरचे टोक डावीकडे. तिसरे त्याच दिशेने. प्रत्येक दोन-तीन देठांनंतर गुच्छ हातात थोडा फिरवायचा. सगळे देठ एकाच दिशेने पिळलेले, आणि सगळे एकाच बिंदूवर भेटणारे. बांधणीच्या बिंदूखालची सगळी पाने काढलेली. शेवटी सुतळी त्याच बिंदूवर दोनतीनदा घट्ट, आणि देठ एका पातळीत कापून गुच्छ टेबलावर उभा.

एखादे देठ उलट दिशेने गेले तर बांधताना ते मुडपते, गुच्छ उभा राहत नाही आणि मधली फुले दबतात. पकड सैल-घट्ट होत राहिली तर बांधणीचा बिंदू वर सरकतो आणि गुच्छ झाडूसारखा होतो. वीस स्वस्त काड्या घेऊन (कामिनीचा पाला चालतो) रोज एकदा, असे दोन आठवडे केल्याशिवाय ही गोष्ट हाताला बसत नाही. बघून समजली असे वाटते, तिथेच फसगत होते.

विचारायचे प्रश्न: ही फुले किती वाजता पाण्यात ठेवली होती? हॉलबाहेर, तीस अंशांच्या वर किती तास टिकतील? यातले कोणते फूल तुम्ही गरम हवेत वापरणार नाही? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते.

६. फोमबद्दल

हिरवा फोम, ज्याला आपल्याकडे सगळेच 'ओअॅसिस' म्हणतात, व्हर्नन स्मिदर्स यांनी १९५४ मध्ये आणला. प्रमाणित वीट साधारण २३ × ११ × ८ सेंटिमीटरची आणि पूर्ण भिजल्यावर जवळजवळ दोन लिटर पाणी धरते. वापरायचाच असेल तर रुंद बादलीत पाण्यावर नुसता ठेवावा आणि आपोआप बुडू द्यावा. हाताने दाबला की आत हवा अडकते, मध्यभाग कोरडा राहतो आणि बाहेरून ओल्या दिसणाऱ्या विटेतले गुलाब तीन तासांत माना टाकतात. देठ एकदा खोचून बाहेर काढले तर त्याच भोकात परत घालू नये. तळाशी पोकळी राहते आणि पाणी पोचत नाही. वाळलेली वीट पुन्हा भिजत नाही.

पण हा फोम प्लास्टिकच आहे, कुजत नाही, त्याचा चुरा पाण्यात उतरतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून त्याला बाद केले. नदी, खाजन आणि समुद्र यांच्या काठी राहणाऱ्या आपल्या व्यवसायाने हे मनावर घेतलेच पाहिजे, असे आम्हांला ठामपणे वाटते. म्हणून प्रदर्शनात फोमविरहित कामे हुडकून बघा, आणि लक्षात ठेवा की आपल्या हाताशी त्याहून जुना पर्याय आहे: केळीचे खोड. त्याचे वीत-दीड वीत लांबीचे तुकडे आडवे ठेवले की त्यात देठ खोचता येतात, गाभ्यात पाणी असते, आणि काम संपल्यावर माडाच्या आळ्यात टाकले की झाले. जाड किंवा मऊ देठ खोचण्याआधी बांबूच्या काडीने भोक करावे. लोखंडी चीर लागलेला भाग लवकर काळा पडतो, म्हणून कापलेली बाजू पानाने झाकावी. नारळाची भिजवलेली सोडणे (वरची तंतुमय साले) तळाशी घातली तर ओल आणखी टिकते.

७. पुरवठादारांच्या स्टॉलवर

इथे संकोच करू नका. पुढचे प्रश्न वहीत आधीच लिहून ठेवा: देठाची लांबी किती (४०, ५०, ६० सेंटिमीटर असे दर्जे असतात), एका जुडीत किती देठ, एका खोक्यात किती जुड्या, किमान मागणी किती, तोडणीपासून किती तासांनी माल गाडीत चढतो, गोव्यापर्यंत कोणत्या मार्गाने येतो, आणि खराब निघाल्यास भरपाई कशी. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लेखी घ्या. खोके उघडताना व्हिडिओ काढण्याची सवय लावली तर वाद होत नाही.

ताजेपणा हाताने तपासा. गुलाबाच्या कळीच्या बुडाशी अलगद दाबल्यावर ती टणक लागली पाहिजे. मऊ लागली तर माल शीतगृहात जुना झालेला. शेवंतीचे फूल नव्हे, पान बघा. पान आधी पिवळे पडते. लिलीच्या एका देठावर एखादीच कळी उमललेली आणि बाकीच्या रंग धरलेल्या असाव्यात. पूर्ण हिरव्या कळ्या उमलतीलच याची खात्री नाही. जिप्सोचा वास घ्या, आंबट आला तर नको. जरबेऱ्याचा देठ फुलाखाली हलकेच हलवून बघा.

स्टॉलवर नवी जात दिसली की लगेच खोके मागवण्याचा मोह होतो. एक जुडी घ्या. कडक बांधून, ओल्या कागदात घरी आणा. ती प्रवासात काय करते, हीच पहिली परीक्षा.

८. परतल्यावर: इथल्या फुलांत भाषांतर

दोन दिवसांच्या आत वही उघडा; तिसऱ्या दिवशी आठवण पुसट होते. पाच रचनांपैकी प्रत्येकीसाठी एक पान करा. डावीकडे तिथले घटक, उजवीकडे आपले. नियम एकच: फुलाच्या नावाला नव्हे, त्याच्या कामाला पर्याय शोधायचा.

उंच रेषेसाठी तिथे डेल्फिनियम असेल, तर आपल्याकडे निशिगंध किंवा ग्लॅडिओलस. लोंबणाऱ्या राजगिऱ्याच्या जागी लोंबती हेलिकोनिया, जी गोव्यात परसातसुद्धा फोफावते. प्रोटियासारख्या राकट, मोठ्या फुलाच्या जागी केळफूल. त्याची दोनतीन बाहेरची पाने उलगडून आतला लालसर रंग दाखवला तर लोक थांबून बघतात. हायड्रेंजियाच्या गोल घोसाच्या जागी पिटकोळीचे (इक्सोराचे) घोस, पण फक्त त्याच दिवशीच्या कामाला, कारण पाकळ्या गळतात. निलगिरीच्या पाल्याऐवजी दालचिनीचा पाला. फोंड्याच्या बाजूच्या कुळागरांत मिळतो, कोवळी पाने गुलाबी-तांबूस असतात आणि हात लागला की वास येतो. परदेशी वेलींच्या चौकटीऐवजी वेत आणि बांबू.

भांड्यांचे भाषांतर तर आणखी सोपे. काचेच्या ताटाऐवजी सुपारीची विरी (झावळीच्या बुडाचे आवरण), लाकडी होडीच्या आकाराच्या पात्राऐवजी माडाची वाळलेली पोय (फुलोऱ्याचे आवरण), मेणबत्तीच्या छोट्या पात्राऐवजी घासून तेल लावलेली नारळाची करटी, आणि मोठ्या कुंड्यांसाठी डिचोलीच्या कुंभारांची मडकी. मातीचे मडके पाणी झिरपवते. आत प्लास्टिकचा डबा ठेवला नाही तर टेबलक्लॉथवर गोल डाग पडतो.

आणि जोडणीचे तंत्र बघायला तर दूर जायलाच नको. केळीच्या खोडाचा दोर भिजवून, सुईशिवाय, दोनदोन अबोली किंवा जाईची फुले आलटून पालटून बसवत गुंफलेली वायी बघा: तार नाही, टेप नाही, गोंद नाही, तरी ती वेणीत दिवसभर हलत नाही. सांजांवच्या, म्हणजे २४ जूनच्या सणाच्या कोपेलात (डोक्यावरच्या पानाफुलांच्या मुकुटात) पावसाळी पाने-फुले वेलीच्या कड्यावर कशी अडकवली आहेत ते निरखा. विदेशी प्रात्यक्षिकातले पानाफुलांचे कडे तेच आहे. चतुर्थीची माटोळी तर वजनाचा धडा आहे. लाकडी चौकटीवर नारळ, सुपारीचे घड आणि रानफळे लटकवताना जड वस्तू चौकटीच्या बांधलेल्या जागांजवळ, हलकी मध्ये. टांगत्या फुलसजावटीत हाच नियम चुकला की सांगाडा मधोमध वाकतो.

सुरंगीबद्दल एक सूचना. हंगाम थोडका, साधारण उन्हाळ्याच्या तोंडाशी. वास जबर असल्याने बंद खोलीत किंवा जेवणाच्या टेबलावर जास्त वापरू नये. प्रवेशद्वारी थोडीशी पुरते. सुकल्यावरही वास राहतो, म्हणून भेटीच्या पाकिटात घालायला उत्तम.

९. चाचणी

कागदावरचे भाषांतर ग्राहकाला विकण्याआधी तीन नमुने करा. एक दुकानात पंख्याखाली, एक उघड्या व्हरांड्यात, एक एसीत. दर चार तासांनी बघा आणि लिहा: कोणते फूल आधी वाकले, कुठे पाकळीला तपकिरी कड आली, पाणी किती उतरले. असे चोवीस तास. किनाऱ्यासाठी असेल तर दुपारी तीन ते सात प्रत्यक्ष किनाऱ्यावर ठेवा, कारण खारा वारा पातळ पाकळ्या झपाट्याने सुकवतो. कमानीच्या दोन्ही पायांना प्रत्येकी वीस-पंचवीस किलो वाळूची पोती लागतात. फुलांची भर जितकी दाट, तितके तिचे शीड होते.

चाचणीआधी फुलांची तयारी नीट झालेली हवी, नाहीतर निकाल खोटा येतो. देठ धारदार सुरीने तिरपे २–३ सेंटिमीटर कापा, पाण्याखाली जाणारी सगळी पाने काढा, साबणाने धुतलेल्या बादलीत किमान तीन-चार तास सावलीत ठेवा. फुलांचे खाद्य नसेल तर १ लिटर पाण्यात १ चहाचा चमचा साखर, १ चमचा बिनवासाचे घरगुती ब्लीच आणि २ चमचे लिंबाचा रस. ब्लीच आणि लिंबू थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. आधी एक पाण्यात ढवळून मग दुसरे घाला. नुसती साखर घातली तर पाण्यात जंतू वाढतात आणि देठ चिकट होऊन बंद पडतात.

जरबेऱ्याला बादलीत ५ ते ८ सेंटिमीटरच पाणी, खोल पाण्यात त्याचा लवदार देठ कुजतो. गुलाब-कार्नेशन २ ते ४ अंशांत छान राहतात, पण अँथुरियम, हेलिकोनिया आणि ऑर्किड १२–१३ अंशांखाली ठेवले तर काळे पडतात. एकच फ्रिज असेल तर ही उष्ण कटिबंधातली फुले बाहेर, सावलीत ओल्या फडक्याखाली. फ्रिजमध्ये फुलांशेजारी आंबे, केळी ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीनमुळे कार्नेशन मिटते आणि ऑर्किड गळते. लिलीचे परागकोश उमलताक्षणी चिमटीने काढा. साडीवर पराग सांडले तर पाणी लावू नका, चिकटपट्टीने उचला.

१०. किंमत काढणे

आवडलेले काम विकता येईल का, हे इथे ठरते. समजा टेबलावरची एक रचना: १२ गुलाब १५ रुपयांचे, १८०, ५ कार्नेशन १२ रुपयांची, ६०, फटी भरणारी फुले ४०, पाला ३०. फुले-पाने मिळून ३१०. त्यावर १५ टक्के वाया, सुमारे ४७. करटी-पोय २५. चाळीस मिनिटांचे काम, तासाला १५० रुपयांनी १००. पोचवणी ३०. एकूण ५१२. त्यावर दुकानाचा खर्च आणि नफा मिळून ४० टक्के धरले तर सुमारे ७२०. आपले आकडे वेगळे असतील, पण रकाने हेच ठेवा. नवखे दोन रकाने नेहमी विसरतात: वाया जाणारे फूल आणि स्वतःची चाळीस मिनिटे.

भाव जास्त निघाला तर फुले कमी करण्याआधी मोकळी जागा वाढवून बघा. त्या पाच रचनांतले देठांचे आकडे आता उपयोगी पडतात. कुठे पंचवीस देठांनी साठांचे काम केले होते, ते वहीत लिहिलेले आहे. तसा नमुना करून त्याच व्हरांड्यात पुन्हा चोवीस तास ठेवा, आणि टिकला तरच दरपत्रकात घ्या.